कार्बन फायबर बोनेट घरी बसवताना : बडोद्याच्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

कारेलीबागेपासून मांजलपूरपर्यंत सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये हे काम आता घरच्या घरी केलं जातं, आणि त्याबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे विषय दुसऱ्या प्रश्नाला भिडतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. आमचा आग्रह एकाच गोष्टीचा आहे : चालत्या गाडीत बोनेट बंद राहिलं पाहिजे. वजन आणि चकाकी यांचा विचार त्यानंतर.

१. कार्बन फायबर बोनेट म्हणजे नक्की काय? पत्र्यापेक्षा जाड दिसतं, मग हलकं कसं?

कार्बनच्या बारीक तंतूंचं विणलेलं कापड इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून साच्यात घट्ट केलं की हा भाग तयार होतो. पोलादाची घनता साधारण ७.८५, अॅल्युमिनियमची २.७ आणि कार्बन-इपॉक्सीची १.५ ते १.६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. म्हणून पाऊण मिलिमीटरच्या पत्र्याऐवजी दुप्पट जाडी दिली तरी वजन निम्म्याच्या आत राहतं. वरचा थर आणि खालची चौकट असे दोन भाग एकमेकांना चिकटवलेले असतात, मध्ये पोकळी असते. ही पोकळी लक्षात ठेवा. पुढे प्रश्न १६ आणि २१ मध्ये तिचा संबंध येतो.

बडोद्याला हे साहित्य परकं नाही. देशातला पहिला कार्बन फायबरचा कारखाना केमरॉक कंपनीने २०१० मध्ये बडोद्याजवळच, एनएएल या सरकारी विमानविद्या प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञानावर उभा केला होता.

२. बोनेट बदललं तर अॅव्हरेज वाढेल का?

जाणवण्याइतकं नाही. छोट्या हॅचबॅकचं पोलादी बोनेट साधारण १० ते १४ किलोचं असतं, कार्बनचं ६ ते ८ किलोचं. म्हणजे ९०० किलोच्या गाडीतून पाच-सहा किलो गेले, एक टक्काही नाही. गाडीचं मूळ बोनेट अॅल्युमिनियमचं असेल तर फरक आणखी कमी. मूळ बोनेटला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला नाही तर ते पोलादाचं नाही. फायदा होतो तो पुढच्या चाकांवरचा भार किंचित कमी होण्याचा, आणि दिसण्याचा. दिसण्यासाठी घेत असाल तर तेही कारण योग्यच आहे. फक्त पेट्रोल वाचेल या हिशेबाने पैसे घालू नका.

३. ड्राय कार्बन, वेट कार्बन, स्किन... दुकानदार तीन भाव सांगतो. कोणतं घ्यावं?

ड्राय म्हणजे आधीच मोजून रेझिन भरलेलं कापड, जे दाब आणि उष्णता देऊन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या भट्टीत, शिजवतात. हलकं, उष्णतेला टिकणारं आणि सर्वांत महाग. वेट म्हणजे हाताने किंवा व्हॅक्यूमने रेझिन भरलेलं. यातलं व्हॅक्यूम इन्फ्युजनचं काम चांगलं असतं. हाताने लावलेल्या कामात जास्तीचं रेझिन राहतं, वजन वाढतं आणि बुडबुडे अडकतात. स्किन म्हणजे फायबरग्लासच्या बोनेटवर कार्बनचा एकच थर. त्याचं वजन अनेकदा पत्र्याच्या जवळपास जातं.

रोजच्या गाडीसाठी व्हॅक्यूम इन्फ्युजनचं आणि पोस्ट-क्युअर केलेलं (घट्ट झाल्यावर पुन्हा उष्णता देऊन पक्कं केलेलं) बोनेट पुरेसं आहे. विकणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा : किती अंशांवर पोस्ट-क्युअर केलं, आणि स्ट्रायकर (बोनेटखालचा आकडा, जो गाडीच्या लॅचमध्ये म्हणजे खटक्यात अडकतो) व बिजागऱ्यांच्या जागी आत धातूची पट्टी आहे का. नीट उत्तर मिळालं नाही तर तिथून घेऊ नका. मकरपुरा औद्योगिक वसाहतीत एफआरपीचं (तंतू घातलेल्या प्लास्टिकचं) काम करणाऱ्यांकडून बनवून घ्यायचा विचार असेल तर आधी रेझिन कोणतं ते विचारा. टाक्यांना आणि पन्हळी पत्र्यांना वापरतात ते साधं पॉलिएस्टर रेझिन इंजिनच्या डोक्यावर चालणार नाही.

४. हे खरंच कार्बन आहे की फायबरग्लासवर छापील फिल्म, घरी कसं ओळखू?

कार्बनमधून वीज वाहते, काचेच्या तंतूंतून नाही. खालच्या बाजूला, कडेला दिसणार नाही अशा जागी नखाएवढा क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) वॉटर पेपरने घासा, तंतू उघडे पडले की मल्टिमीटरची दोन टोकं एकेक सेंटिमीटरच्या अंतरावर टेकवा. काटा हलला किंवा बीप झाला तर कार्बन. मग हीच चाचणी वरच्या थराच्या कडेवरही करा. वर बीप आणि खाली शांतता असेल तर ते स्किन आहे. घासलेल्या जागी लगेच इपॉक्सीचा पातळ हात फिरवा, उघडे तंतू पाणी ओढतात. अर्थात, हे सगळं परत करायची मुदत संपण्याआधी आणि विकणाऱ्याला सांगून करा.

५. आरटीओ किंवा पोलीस अडवतील का?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२अ(४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

बोनेटच्या बाबतीत अडचण येते ती मुख्यतः रंगाची. आरसीवर पांढरा रंग नोंदलेला असताना बोनेट काळं दिसलं की प्रश्न विचारला जातो. आमचा सल्ला : कार्बन बोनेट गाडीच्या रंगात रंगवून घ्या (प्रश्न २०), किंवा उघडी वीण ठेवायची असेल तर काम करण्याआधी दरजीपुऱ्याच्या आरटीओत लेखी विचारून घ्या. बाहेर फुगलेला स्कूप (हवा आत घ्यायचं तोंड) किंवा समोरची नजर अडवणारा आकार मात्र टाळाच.

६. विमा कंपनी क्लेम नाकारेल का?

न सांगता बसवलंत तर वाद होणारच. बसवण्याआधी कंपनीला ईमेल करा, भागाचं बिल आणि फोटो जोडा, पॉलिसीत बदलाची नोंद मागून घ्या. घसाऱ्याचाही हिशेब लेखी विचारा. नेहमीच्या मोटार पॉलिसीत धातूच्या भागांना गाडीच्या वयानुसार घसारा लागतो, फायबरग्लासच्या भागांना ३० टक्के आणि प्लास्टिक-रबरच्या भागांना ५० टक्के. कार्बनचं बोनेट यातल्या कोणत्या खान्यात टाकणार हे अपघातानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

७. कोणत्या गाडीवर बसवूच नये?

ज्या गाडीत पादचाऱ्याला धडक बसताच बोनेट मागून आपोआप उचललं जातं, म्हणजे बिजागरीत स्फोटक यंत्रणा असते, त्या गाडीच्या बोनेटला घरी हात लावू नये. मॅन्युअलमध्ये ‘अॅक्टिव्ह बोनेट’ किंवा ‘पॉप-अप बोनेट’ असा उल्लेख असतो.

इतर गाड्यांतही एक गोष्ट समजून घ्या. आपल्याकडच्या एआयएस-१०० या मानकात पादचाऱ्याचं डोकं बोनेटवर आपटल्यास किती इजा होईल ते तपासतात. पत्रा दबून धक्का शोषतो, कार्बन तुटून. बाजारातल्या बोनेटची अशी चाचणी झालेली नसते. गल्लीबोळातून, मांडवी-रावपुऱ्याच्या गर्दीतून रोज गाडी काढणाऱ्याने हा विचार करावाच.

८. काय काय सामान लागेल?

दहा आणि बारा नंबरच्या गोट्या (सॉकेट), रॅचेट, ५ ते २५ न्यूटन-मीटरचा टॉर्क पाना, क्लिपा काढायचं प्लास्टिकचं पातं, दोन इंची मास्किंग टेप, पांढरा मार्कर, दोन जाड गोधड्या आणि एक मदतनीस. मदतनीसाशिवाय हे काम करू नका. फेंडरवर पडलेला ओरखडा बोनेटपेक्षा महाग पडतो. त्याशिवाय नायलॉनचे सहा मिलिमीटरचे आठ वायसर, २५ मिलिमीटर व्यासाचे चार रुंद स्टेनलेस वायसर आणि अँटी-सीझची (आटे जाम होऊ न देणाऱ्या पेस्टची) छोटी ट्यूब. बोल्ट शक्यतो गाडीचे मूळचेच वापरा (प्रश्न १७ पाहा). भोकं पाडायची असतील तर प्रश्न १३ मधलं सामान वेगळं.

९. जुनं काढून नवं बसवायचा क्रम सांगा.

सकाळी लवकर, इंजिन थंड असताना, सपाट जागेवर सुरुवात करा. पहिला नियम : नवं बोनेट रंगवण्याआधी, भोक पाडण्याआधी, पॉलिश करण्याआधी एकदा पूर्ण बसवून पाहा. एकदा रंग लागला की विकणारा ते परत घेत नाही.

दोन्ही फेंडरच्या वरच्या कडांना टेप लावा आणि त्यावर गोधड्या टाका. बिजागरीच्या पट्टीची बाह्यरेषा जुन्या बोनेटवर मार्करने आखा आणि तिचं माप बोल्टच्या मध्यापासून घेऊन ठेवा, नव्याला तेच सुरुवातीचं ठिकाण. वायपरच्या पाण्याची नळी सोडवा; ती ओढू नका, टोक फिरवत काढा, उन्हाने कडक झालेली असते. अर्थिंगची पट्टी असेल तर तीही. उष्णतारोधक गादीच्या क्लिपा पात्याने वर उचला.

आता मदतनीसाने एका बाजूला उभं राहून बोनेटचा कोपरा खांद्याजवळ धरायचा, तुम्ही दुसऱ्या बाजूला. दोघांनी आपापल्या बाजूचा खालचा बोल्ट आधी पूर्ण काढायचा आणि वरचा सैल करून शेवटी काढायचा. उलट केलंत तर बोनेट एकाच बोल्टभोवती मागे सरकतं आणि त्याचा कोपरा काचेखालच्या जाळीवर बसतो. जुनं बोनेट उभं, गोधडीवर टेकवून ठेवा.

नवं बोनेट उचलण्याआधी त्याच्या प्रत्येक बोल्टच्या भोकात आगकाडी घाला, तळाला टेकली की कडेशी नख धरून खोली मोजा. बोल्टचा आत जाणारा भाग या खोलीपेक्षा किमान ३ मिलिमीटर कमी हवा. लांब बोल्ट आतून वरच्या थराला टेकला की बाहेर फोड येते, ती कधीच जात नाही. ही चूक सर्वांत जास्त घडते आणि टाळायला दोन मिनिटं लागतात.

मग बोनेट बिजागऱ्यांवर ठेवा, चारही बोल्ट हातानेच चार-पाच आटे फिरवा. हाताने फिरला नाही तर आटा वाकडा धरला आहे; पान्याने जोर दिलात तर आत चिकटवलेली आट्यांची नळी सुटून गोल फिरायला लागेल. चारही लागले की पट्टी आखलेल्या मापावर आणा आणि सैलच ठेवा. स्ट्रायकर आणि रबरी गुट्ट्या (बंद बोनेट ज्यांवर टेकतं ते ठोकळे) जुन्या बोनेटवरून काढून लावा. बोनेट अगदी हळू खाली आणा, स्ट्रायकर लॅचच्या बरोबर मध्ये उतरतो का ते वाकून पाहा, पण अजून बंद करू नका. गॅप, म्हणजे बोनेट आणि फेंडरमधली फट, जुळवून (प्रश्न १०) मगच बोल्ट घट्ट करा. सहा मिलिमीटरच्या बोल्टला ८ ते १० न्यूटन-मीटर, आठ मिलिमीटरच्याला २० ते २५. मॅन्युअलमध्ये किंवा बोनेटबरोबर आलेल्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

शेवटी चाचणी. बंद करा आणि पुढची कड दोन्ही हातांनी वर ओढा, ढिलेपणा नको. मग आतून खटका ओढा : बोनेट थोडं उचलून सुरक्षा-हुकावर अडकलं पाहिजे. अडकत नसेल तर गाडी रस्त्यावर नेऊ नका. अडकलं तर आधी ४०, मग ६०, मग ८० च्या वेगाने जाऊन पाहा. शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा.

१०. एका बाजूला गॅप जास्त, दुसरीकडे बोनेट फेंडरला घासतं. काय करू?

क्रम पाळा : आधी पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे, उंची सर्वांत शेवटी. मोजायला बंद झालेली पाच एटीएम कार्डं एकत्र टेप करा, ही जाडी ३.८ मिलिमीटर होते. दोन्ही बाजूंना, तीन-तीन ठिकाणी, ही गड्डी सारखीच बसली पाहिजे. मागच्या कोपऱ्यांची उंची बिजागरीखाली पातळ वायसर घालून वाढवता येते, पुढच्या कोपऱ्यांची रबरी गुट्ट्या फिरवून.

दोन-तीन मिलिमीटरचा फरक एवढ्याने निघतो. त्याहून जास्त असेल तर बोनेट साच्यातून लवकर काढल्यामुळे पिळलेलं असतं. कोपऱ्यावर वजन ठेवून किंवा हीटगनने ते सरळ करायला जाऊ नका, आतला चिकटवलेला सांधा सुटतो. परत करा. आणि गाडीला पूर्वी पुढून मार लागलेला असेल तर आधी जुनं बोनेट किती जुळत होतं ते आठवून पाहा; दोष फेंडरचा असू शकतो.

११. बंदच होत नाही, आपटावं लागतं. लॅच खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. पोलादी बोनेट एक फुटावरून सोडलं की स्वतःच्या वजनाने लॅच लागतं. कार्बनच्या निम्म्या वजनाला तेवढा जोर नसतो, स्प्रिंग आणि रबरी गुट्ट्या त्याला परत ढकलतात. गुट्ट्या अर्धा-अर्धा फेरा खाली घ्या, लॅचला पांढरं ग्रीस लावा, मग बोनेट लॅचवर आणून ठेवा आणि स्ट्रायकरच्या अगदी वर, कडेपासून एक वीत आत, दोन्ही तळवे जोडून दाबा. ‘खट्’ असा आवाज दोनदा आला पाहिजे : पहिला सुरक्षा-हुकाचा, दुसरा लॅचचा. मधोमध दाबू नका, तिथे आधार नसतो. आपटूही नका, स्ट्रायकरभोवती क्लिअर कोटला बारीक चिरा पडतात. गुट्ट्या इतक्या खाली नेऊ नका की बोनेट चालताना थरथरेल.

१२. बोनेट वरून जखडणाऱ्या पिना लावाव्या का? कंपनीचं लॅच आहेच की.

स्ट्रायकर धातूच्या पट्टीत बोल्टने बसला असेल आणि प्रश्न ९ मधली ओढून पाहायची चाचणी नीट पार पडली असेल, तर शहरात लॅच पुरेसं आहे. स्ट्रायकर नुसत्या थराला रिव्हेट केलेला असेल तर पिन हव्यातच. अहमदाबाद-बडोदा एक्सप्रेसवेच्या त्र्याण्णव किलोमीटरवर नेहमी जाणं असेल तर लॅच चांगलं असूनही आम्ही पिन लावायला सांगतो. वेगात बोनेटच्या वर हवेचा दाब कमी होतो, खाली रेडिएटरमधून आलेली हवा दाब वाढवते, आणि ही उचल वेगाच्या वर्गाने वाढते : ६० वरून १२० म्हणजे चौपट. हलकं, लवचिक बोनेट आधी पुढच्या कोपऱ्यांत फडफडतं. ती फडफड काचेतून दिसली की गाडी बाजूला घ्या.

दोन पिना पुढच्या कोपऱ्यांपासून १० ते १५ सेंटिमीटर आत, रेडिएटर सपोर्टच्या पोलादी पट्टीवर. प्लास्टिकच्या आच्छादनावर किंवा बंपरच्या फोमवर पिन उभी करू नका.

१३. पिनसाठी भोक नेमकं कुठे आणि कसं पाडू? तडा जाईल अशी भीती वाटते.

पिन आधी गाडीच्या पट्टीवर बसवा. तिच्या टोकाला वाटाण्याएवढी पांढरी टूथपेस्ट लावा, बोनेट सावकाश खाली आणून टेकवा आणि उचला. खालच्या काळ्या थरावर ठिपका उमटतो, तोच मध्यबिंदू. तो वर कसा आणायचा? खालून ३ मिलिमीटरचं भोक पूर्ण आरपार, बस.

बाकीचं भोक वरून. वरच्या बाजूला टेपचे दोन थर द्या, खालून लाकडाची फळी मदतनीसाने दाबून धरायची. कार्बाइडचं बिट, मध्यम वेग, हलका दाब. आधी ६, मग हवा तो व्यास. फळी नसेल तर बिट बाहेर पडताना शेवटचा थर सोलून निघतो. भोकाची कड ४०० च्या पेपरने गुळगुळीत करून आत इपॉक्सीचा हात फिरवा आणि चोवीस तास वाळू द्या. कच्ची कड पाणी पिते आणि पहिल्याच पावसाळ्यात तिच्याभोवती पांढरं वर्तुळ दिसायला लागतं.

धुळीबद्दल कडक राहा. एन-९५ मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्या. कापताना पाण्याची फवारणी करत राहा. ही धूळ खाजते, फुप्फुसाला वाईट आहे आणि वीजवाहक असल्यामुळे उघड्या बॅटरीवर, फ्यूज बॉक्सवर पडली तर शॉर्ट होऊ शकतो. म्हणून शक्यतो बोनेट गाडीवरून काढून, दूर नेऊन कापा. लहान मुलं आसपास नकोत.

१४. गाडी सीएनजीवर आहे, गॅस भरायचा वॉल्व बोनेटखाली आहे. काही वेगळं करावं लागेल?

हो. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये वॉल्व अनेकदा इंजिनजवळच असतो, म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा पंपावर बोनेट उघडणार. पंपावरचा माणूस ते सवयीने वरून सोडतो किंवा मधोमध दाबतो. त्याला आधीच सांगा आणि उघडणं-बंद करणं स्वतः करा. किल्लीच्या पिना लावू नका, रांगेत किल्ली शोधत बसाल. दाबून उघडणाऱ्या चपट्या पिना चालतात. वॉल्वचं झाकण आणि नळीचा बाक बोनेटच्या खालच्या चौकटीला लागत नाही ना हेही पाहा, कारण कार्बनच्या चौकटीच्या पट्ट्या अनेकदा मूळ बोनेटपेक्षा खोल असतात. वॉल्ववर पिठाचा गोळा ठेवून बोनेट बंद करा. किती दबला ते मोजा. १० मिलिमीटरपेक्षा कमी जाडी उरली तर ते बोनेट त्या गाडीवर नको.

१५. माझ्या गाडीला बोनेट रॉडऐवजी गॅस स्ट्रट (बोनेट वर उचलून धरणाऱ्या गॅसच्या नळ्या) आहेत. तेच चालतील?

जसेच्या तसे नाही. ते दुप्पट वजनासाठी मोजलेले असतात. हलक्या बोनेटला ते बंद असतानाही वर ढकलत राहतात, आणि काही महिन्यांत मागचे कोपरे उचलले जातात किंवा स्ट्रटच्या खुंटीशी तडा जातो. स्ट्रटवर न्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो. वजन जितकं कमी झालं त्या प्रमाणात कमी आकड्याचे, त्याच लांबीचे स्ट्रट घ्या. दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. एकच काढून टाकणं सर्वांत वाईट, बोनेट पिळतं.

१६. बडोद्याच्या उन्हात हे वितळेल का? टर्बो गाडी आहे.

वितळणार नाही, पण मऊ पडू शकतं. मे महिन्यात हवा ४२-४३ अंशांवर असते तेव्हा उन्हात उभ्या काळ्या पृष्ठभागाचं तापमान ७० अंशांच्या पुढे जातं, आणि खालून इंजिनची उष्णता. साध्या तापमानाला घट्ट केलेली बरीच इपॉक्सी ६० ते ८० अंशांच्या दरम्यान कडकपणा गमावतात. मग वीण वर उमटते, किंवा आतल्या पोकळीतली हवा फुगून वरच्या थराला फुगा येतो. म्हणून प्रश्न ३ मधला पोस्ट-क्युअरचा प्रश्न इतका महत्त्वाचा. शंभर अंशांच्या वर पोस्ट-क्युअर केलेलं घ्या.

टर्बोच्या बरोबर वर, दोन हात रुंदीच्या भागात, उष्णता परावर्तित करणारी अॅल्युमिनियमची चिकटपट्टी आतून लावा. मूळची गादी बसत असेल तर तीही पुन्हा लावा. वजनासाठी ती काढून टाकण्यात शहाणपण नाही. लांबच्या प्रवासानंतर लगेच उन्हात बोनेट उघडून रॉडवर टेकवून ठेवू नका, गरम असतानाच ते रॉडच्या बिंदूशी वाकतं.

१७. सहा महिन्यांत बोल्टभोवती पांढरी भुकटी जमली. कार्बनला गंज लागतो का?

कार्बनला नाही, त्याला टेकलेल्या धातूला. कार्बन, ओलावा आणि अॅल्युमिनियम किंवा जस्ताचा मुलामा एकत्र आले की बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो आणि झिजतो तो धातू. भुकटी धातूची असते. बोल्ट काढून साफ करा, भुकटी गेलेल्या जागी इपॉक्सी लावा आणि धातू-कार्बनच्या मध्ये नायलॉनचा वायसर घाला. मूळचा बोल्ट पोलादी नळीत जात असेल तर तोच ठेवा, त्याची ताकद मोजलेली असते. कार्बनला थेट टेकणारा वायसर मात्र स्टेनलेसचाच हवा, आट्यांना अँटी-सीझ लावा. अॅल्युमिनियमची नळी खाऊन सैल झाली असेल तर ते घरचं काम नाही.

१८. व्हेंट (हवा बाहेर जायची भोकं) असलेलं बोनेट पावसाळ्यात चालेल?

खाली पाण्याची तबकडी असेल तर. नुसत्या उघड्या जाळ्या असतील तर जून ते सप्टेंबर इग्निशन कॉइल, अल्टरनेटर आणि फ्यूज बॉक्सवर सरळ पाणी पडतं. तबकडीची नळी बाजूला, एक्झॉस्टपासून दूर सोडा. गाडी उघड्यावर उभी राहते त्यांनी बिनव्हेंटचं घ्यावं.

१९. वर्षभरात पिवळट, दुधाळ झालं. पुन्हा काळं होईल का?

बहुधा होईल. इपॉक्सी उन्हाने पिवळी पडते. तिच्यावरचा यूव्ही-रोधक क्लिअर कोट संपला की हे सुरू होतं. ८०० च्या वॉटर पेपरने, भरपूर पाणी घेऊन घासा आणि ओघळणाऱ्या पाण्याकडे लक्ष ठेवा. पाणी दुधाळ आहे तोवर क्लिअर कोट किंवा रेझिन निघतंय. काळं झालं त्या क्षणी थांबा, तंतू कापले जातायत. नंतर टू-के (हार्डनर मिसळून लावायच्या) क्लिअर कोटचे दोन-तीन हात. हा कोट घरी स्प्रे करू नका, त्यातल्या आयसोसायनेटला साधा मास्क अडवत नाही. पेंट बूथमध्येच द्या.

रोजची काळजी : पक्ष्यांची विष्ठा दुपारच्या आत पाण्याने भिजवून काढा. उत्तरायणात बोनेटवर पडलेला मांजा ओढू नका, सरळ वर उचला. त्यावरची काचेची भुकटी क्लिअर कोटवर करवतीसारखी फिरते आणि काळ्या विणीवर ती रेघ लांबून दिसते. अशा गाड्यांना बोनेटपुरती पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) लावणं पैसे वसूल करून देतं.

२०. गाडीच्या रंगात रंगवता येईल का?

येईल, आणि प्रश्न ५ मुळे तोच सरळ मार्ग आहे. ६०० ने घासून, प्लास्टिक-फायबरसाठीचा इपॉक्सी प्रायमर, मग नेहमीचा रंग आणि क्लिअर. पेंटरला बेकिंगचं तापमान आधी विचारा. बूथ साधारण ६० अंशांवर चालतो. तुमचं बोनेट त्याहून कमी तापमानाला घट्ट केलेलं असेल तर वीण रंगावर उमटेल. अशा वेळी हवेतच वाळू द्यायला सांगा. पुट्टी जाड भरू देऊ नका, वाचवलेलं वजन तिथेच परत येतं.

२१. विश्वामित्रीचं पाणी गाडीत शिरलं होतं, बोनेटही बुडालं. काय तपासू?

ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर हा प्रश्न वाढला. बोनेट काढून पुढची कड खाली करून उभं धरा आणि हलवा. आत पाणी खळखळलं तर खालच्या चौकटीतली निचऱ्याची भोकं गाळाने बंद झाली आहेत. तारेने उघडा, स्वच्छ पाणी आत सोडून गाळ काढा, सावलीत दोन-तीन दिवस उभं ठेवा. पाणी आत ठेवून उन्हात उभं केलं तर वाफेने सांधा फुगतो. निचऱ्याची भोकंच नसतील तर चौकटीच्या सर्वांत खालच्या बिंदूला ५ मिलिमीटरची दोन पाडा (प्रश्न १३ प्रमाणे). शेवटी रुपयाच्या नाण्याने वरून टकटक करत फिरा. टणक आवाज म्हणजे ठीक. एखाद्या पट्ट्यात आवाज बद्द आला तर तिथला सांधा सुटला आहे.

२२. दगड लागून तडा गेला. गाडी चालवू का?

वरच्या क्लिअर कोटची चीर असेल तर हो, टेप लावून पाणी आत जाऊ देऊ नका. खालून पाहिल्यावरही तडा दिसत असेल, किंवा तो बिजागरी, स्ट्रायकर वा पिनपासून वीतभराच्या आत असेल, तर नाही. पत्रा वाकून इशारा देतो, कार्बन देत नाही. जुनं बोनेट परत लावा आणि मग दुरुस्तीचं बघा.

२३. जुनं बोनेट भंगारात देऊ का?

देऊ नका. विमा कंपनीची पाहणी, गाडी विकणं, प्रश्न २२ मधला तडा, या प्रत्येक वेळी ते लागतं. माळ्यावर आडवं टाकून त्यावर सामान रचलं तर ते वाकतं. भिंतीला टेकवून, मागची कड खाली, रबराच्या तुकड्यांवर उभं ठेवा, वर जुनी चादर. मूळ बोल्ट, क्लिपा, गादी आणि पाण्याच्या नळीचे तुकडे एका पिशवीत भरून ती बिजागरीच्या भोकाला बांधा आणि पिशवीवर गाडीचा नंबर लिहून ठेवा.